अडचणीचा कागद

मराठीत 'ध चा मा करणे' असा एक वाक्प्रचार आहे. शाळेत तो शिकवताना त्यामागची गोष्टही सांगावी लागायची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांच्या हुकमात म्हणे 'धरावे' असा शब्द होता आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला. ही आख्यायिका आहे, तिला भक्कम पुरावा नाही, हेही मी मुलांना सांगायचे. पण मुलांच्या मनात राहायचं ते एवढंच की कागदावरच्या एका अक्षराने माणूस जगतो किंवा मरतो.

या गोष्टीचा दुसरा भाग रामशास्त्री प्रभुण्यांचा. त्यांनी खुनाची चौकशी केली, राघोबादादांना दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरी शिक्षा नाही असं तोंडावर सांगितलं आणि ते पुणं सोडून निघून गेले, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. रामशास्त्र्यांचं नाव घेताना आपण 'बाणेदार' हा शब्द हमखास वापरतो. भर दरबारातला तो प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे येतो. मला मात्र त्यातला मोठा गुण वेगळाच वाटत आला आहे. ज्यांच्या चाकरीत आपण आहोत त्यांच्याच विरुद्ध जाणारी गोष्ट चौकशीत हाती लागली आणि त्यांनी ती दडवली नाही. बाणेदार उत्तर नंतर आलं. आधी ती न दडवण्याचा निर्णय झाला होता, आणि तो घेताना टाळ्या वाजवायला तिथे कुणीच नसणार.

पोलीस, सरकारी वकील, बचावाचे वकील, न्यायाधीश या मंडळींच्या नीतिमत्तेबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा लाचेबद्दल बोलतो. लाच वाईटच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण मला वाटतं, या कामातली खरी परीक्षा दुसरीकडे असते. आपल्या बाजूला गैरसोयीचा असा एखादा कागद, एखादा जबाब, एखादी खूण हाती येते. ती पुढे ठेवायची की बाजूला सारायची? पैशाचा संबंध नसतो. समोरचा आरोपी गुन्हेगारच आहे अशी मनाची खात्री असते, बाहेर लोक खवळलेले असतात आणि तो एक कागद तेवढा आड येत असतो. या अडचणीच्या कागदाचं काय होतं त्यावर सगळं न्यायाचं काम उभं असतं, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका रात्री शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. वाचवणार नाही असं त्यातलं वर्णन आहे, मीही ते इथे देत नाही. त्या घरातली एक स्त्री आणि तिचा मुलगा वाचले. पुढे सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे गरीब लोक. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशीच दिली. म्हणजे सहाच्या सहा फाशीच्या रांगेत. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर निष्पन्न झालं.

आणि मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

काय घडलं होतं? घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांनी त्या वाचलेल्या स्त्रीला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंची फाइल दाखवली होती. तिने त्यातून चार माणसं ओळखली होती. दंडाधिकाऱ्यापुढे तिचा जबाबही नोंदवला गेला होता. ते चार जण म्हणजे फाशी झालेल्या सहांपैकी कुणीच नव्हते. त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांची चौकशी झाली, आणि ही सगळी गोष्ट खटल्याच्या वेळी न्यायालयापुढे ठेवलीच गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने या तपासाबद्दल फार कडक शब्द वापरले, सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि जबाबदार अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करा असा आदेश दिला. पण पहिल्या अटकेपासून तोवर सुमारे सोळा वर्षं गेली होती.

हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होते. सहा निरपराध माणसं फासावर जाता जाता वाचली हे तर आहेच. पण त्या बाईचा विचार करा. सगळं घरदार डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालेलं, स्वतः जखमी, आणि तशा अवस्थेत ती फोटो बघून सांगते की हे चौघे. सरकारच्या माणसांनी ते लिहून घेतलं आणि बाजूला ठेवलं. आरोपींच्या हक्कांबद्दल कुणी बोललं की आपल्याकडे लगेच विचारतात, 'आणि ज्यांचा जीव गेला त्यांच्या हक्कांचं काय?' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर त्या फाइलमध्ये होतं. अडचणीचा कागद दडवला तेव्हा सहा आरोपींवर अन्याय झाला, आणि त्याच क्षणी त्या बाईवरही झाला. खरे गुन्हेगार शोधायची वाट तिथेच बंद झाली.

आता हा कागद किती हातांतून गेला असेल ते मोजून बघा. फोटो दाखवणारा अंमलदार, तपास अधिकारी, त्याचे वरिष्ठ, जबाब नोंदवणारा दंडाधिकारी, आरोपपत्र वाचणारा सरकारी वकील. यातल्या एकानेही आपण सहा माणसांना फासावर चढवतो आहोत असं मनात म्हटलं नसेल. 'हा कागद जोडला तर केस कच्ची होईल' एवढंच कुणाच्या तरी मनात आलं असेल. बाकीच्यांनी 'ते माझं काम नाही' असं म्हटलं असेल. मोठा अन्याय करायला दर वेळी मोठा दुष्ट माणूस लागत नाही. पाच-सहा बऱ्या माणसांनी आपापल्या टेबलावर थोडी थोडी मान फिरवली तरी पुरतं.

शाळेत इतकी वर्षं काढल्यावर हे मला परकं वाटत नाही. वर्गात कुणाचे पैसे हरवले की काय होतं, ते शिक्षकांना विचारा. मुलं कुजबुजू लागतात, पालक दारात येतात, घंटा व्हायच्या आत चोर हवा असतो. आणि नाव कुणाचं येतं? ज्याच्या शर्टाला बटण नाही त्याचं. ज्याचा बाप विचारायला येणार नाही त्याचं. मग मधल्या सुट्टीत एखादी मुलगी हळूच येऊन म्हणते, 'बाई, त्याने नाही घेतले, तो तेव्हा पाणी प्यायला गेला होता.' तिचं ऐकलं तर सकाळपासून केलेला सगळा तपास वाया जातो. न ऐकलं तर सगळे खूश. वर्गात फार तर एका मुलाचं मन मोडतं. ठाण्यात आणि कोर्टात माणसाचं आयुष्य जातं. पण दोन्हीकडचा मोह अगदी एका जातीचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच चोर ठरवलं होतं त्या जमाती १९५२ मध्ये कागदोपत्री मुक्त झाल्या. पण भटक्या-विमुक्तांचं नाव आजही सगळ्यात आधी जिभेवर येतं, हे आपण सगळे जाणतो.

माझा एक विद्यार्थी फौजदार म्हणून पोलीस खात्यात लागला, आता निवृत्तीला आला आहे. दिवाळीला आला की बसतो गप्पा मारत. मागे एकदा त्याने मला सांगितलं, "बाई, गुन्हा उघडकीस आणला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, साहेब पाठ थोपटतात. तपास चुकला होता हे कोर्ट दहा-बारा वर्षांनी सांगतं. तोवर माझ्या पाच बदल्या झालेल्या असतात."

मी विचारलं, "मग आरोपीच्या बाजूचं काही सापडलं तर तू काय करायचास रे?"

तो म्हणाला, "केस डायरीत लिहायचो, बाई. एकदा तारीख-वेळ घालून लिहिलं की ते माझ्या एकट्याचं राहत नाही. पुढे साहेबाने काय करायचं ते साहेब जाणे. पण खरं सांगू का, लिहिलं म्हणून शाबासकी कधी मिळाली नाही. दोन-तीनदा बोलणी मात्र खाल्ली."

त्याच्या या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. एक, सचोटी म्हणजे काही तरी भव्य करून दाखवणं नाही. तारीख घालून चार ओळी लिहिणं एवढीसुद्धा ती असू शकते. दुसरी, बक्षीस लगेच मिळतं आणि चुकीचा हिशेब फार उशिरा होतो, तोही बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कारकिर्दीत. अशा व्यवस्थेत माणसं नुसती चांगली असून भागत नाही. केस डायरी न्यायाधीश मागवू शकतात पण आरोपीला ती मागता येत नाही. म्हणजे त्या चार ओळी लिहिल्या तरी त्या कुणी वाचतीलच असं नाही.

आता सरकारी वकिलांकडे वळू. आपली समजूत अशी असते की सरकारी वकिलाने आरोपीला शिक्षा मिळवून द्यायची, जितक्या जास्त शिक्षा तितका वकील मोठा. पेपरवालेही तसंच लिहितात, जन्मठेपा किती नि फाशी किती, जणू शतकं मोजतात. पण भारतीय बार कौन्सिलच्या आचारनियमांत सरळ लिहिलं आहे की फौजदारी खटल्यात सरकारतर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलाने खटला असा चालवावा की निरपराधाला शिक्षा होणार नाही, आणि आरोपीचं निरपराधित्व दाखवू शकेल असं काहीही दडवलं जाऊ नये. म्हणजे अडचणीचा कागद पुढे ठेवणं हे त्याचं औदार्य नाही, ते त्याचं काम आहे.

या बाबतीत एक उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसं मारली गेली. कसाबचा खटला चालू असताना त्याने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची बातमी आली आणि देशभर संताप उसळला. आजही कुठल्याही लग्नात चार माणसं जमली की 'कसाबला बिर्याणी खाऊ घातली' हे वाक्य ऐकू येतं. २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच सांगितलं की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि ती त्याला दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीची हवा तयार होते आहे असं वाटल्यामुळे ती मोडायला आपण ती गोष्ट रचली.

निकमांनी तो खटला मेहनतीने चालवला, पुराव्यांची रास उभी केली, याबद्दल शंका नाही. मला प्रश्न पडतो तो असा की एवढा भक्कम पुरावा हाती असताना त्या गोष्टीची गरज काय होती? न्यायालयाचा निकाल बिर्याणीवर लागला नाही, तो पुराव्यावर लागला आणि तीनही पायऱ्यांवर टिकला. बिर्याणीची गोष्ट आपल्यासाठी, बाहेरच्या गर्दीसाठी होती. हेतू चांगला होता असं म्हणून आपण ते हसण्यावारी नेलं. पण ज्याच्या प्रत्येक शब्दावर न्यायालयाने आणि लोकांनी विश्वास ठेवायचा, त्याने एक खोटं चांगल्या हेतूने सांगितलं, तर त्याच्यानंतरचा दुसरा कुणी जबाब बाजूला ठेवतानाही हेतू चांगलाच होता असं म्हणेल. नाशिकच्या फाइलवर बसलेल्यांचा हेतू तरी वाईट होता असं कोण सिद्ध करणार?

कसाबच्याच खटल्याची दुसरी बाजू बघू. त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं यावरून २००८-०९ मध्ये मुंबईत केवढं वादळ उठलं होतं. वकिलांच्या संघटनेने ठराव केले, नेमलेल्या वकील बाईंच्या घरावर मोर्चा गेला. 'अशा राक्षसाला वकील कशाला?' असं तेव्हा माझ्या ओळखीतली सुशिक्षित माणसंसुद्धा म्हणत होती. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अमक्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत.

तर वकील कशाला, याचं उत्तर त्या खटल्यातच आहे. कसाबबरोबर आणखी दोन भारतीय आरोपी होते. त्यातल्या एकाने काढलेला नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. बचावाच्या बाजूने प्रश्न आला, की त्या अतिरेक्याची पँट रक्ताने भिजली होती, मग खिशातल्या नकाशावर रक्ताचा डाग कसा नाही? हा आरोपी लढवत होते शाहिद आझमी. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ३ मे २०१० रोजी न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी कसाबला दोषी ठरवलं आणि त्या दोघांना सबळ पुराव्याअभावी या खटल्यातून मुक्त केलं. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली.

बघा, देशाच्या इतिहासातल्या सर्वांत संतापजनक खटल्यांपैकी हा एक. तिथेही एका न्यायाधीशाने डाग नसलेला नकाशा बघितला आणि 'लोक काय म्हणतील' हा विचार बाजूला ठेवला. मला त्या दिवशी फाशीपेक्षा या दोन मुक्ततांचा अभिमान वाटायला हवा होता, असं आता वाटतं. त्या सुटकेमुळेच कसाबच्या शिक्षेला वजन आलं. सगळ्यांनाच सरसकट दोषी ठरवलं असतं तर जगाने म्हटलं असतं की निकाल आधीच ठरला होता.

न्यायाधीशांचा अडचणीचा कागद पुष्कळदा त्यांचाच जुना निकाल असतो. नाशिकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपलाच दहा वर्षांपूर्वीचा निकाल पुन्हा उघडला आणि फिरवला. चूक झाली हे जितकं भयंकर, तितकंच ते उघडायची तयारी दाखवणं मोलाचं. तेही फाशी अमलात आली नव्हती म्हणून शक्य झालं.

यावरून एन्काउंटरचा विषय येतोच. अडचणीचा कागद दडवण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे तो जन्मालाच येऊ न देणं. माणूस मेला की खटला नाही, उलटतपासणी नाही, नकाशावरचा डाग बघायला कुणी नाही. पण कागद चिवट असतात. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वर्सोव्याला लखन भैया नावाच्या माणसाचा एन्काउंटर झाला. तो गुन्हेगारी टोळीतला, त्याच्यासाठी रडायला कुणी नव्हतं. पण त्याला उचलून नेल्याचं कळताच त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी, चकमकीच्या आधीच, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्यांच्यावरची वेळ कुणाला खोडता आली नाही. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने अनेक पोलिसांना जन्मठेप दिली. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम केली, आणि खाली सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. त्याविरुद्ध ते अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले.

२०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी गोळीबारात मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. त्यानंतर आपले नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने चौकशी केली आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात तो गोळीबार जाणूनबुजून केलेला होता असा निष्कर्ष काढला. बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, त्यातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. 'बदला पुरा' असे फलक झळकले. दंडाधिकाऱ्याच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाकडून चौकशीचा आदेश दिला. मी आयुष्यभर लहान मुलांत राहिलेली बाई आहे. बदलापूरची बातमी वाचून माझ्याही हाताच्या मुठी वळल्या होत्या. पण पालक आधी रेल्वे रुळांवर उतरले होते ते तक्रार वेळेवर घेतली नाही म्हणून. शाळेत कुणाला काय माहीत होतं, तक्रार नोंदवायला उशीर का झाला, हे सगळं मुख्य आरोपीच्या खटल्यात साक्षी-पुराव्याने उलगडलं असतं. ती संधी त्या गोळीने गेली. आपण मात्र पेढे वाटले.

कुणी म्हणेल, बाई, हे सगळं ठीक, पण खटले वीस-वीस वर्षं चालतात, लोकांनी वाट तरी किती बघायची? तक्रार खरी आहे. न्याय लवकर व्हायलाच हवा. पण कागद दडवल्याने तो लवकर होत नाही. नाशिकचा तपास 'झटपट' लागला आणि शेवट २०१९ मध्ये झाला, तोही शून्यावर.

मग करायचं काय? नुसता उपदेश करून भागणार नाही हे शिक्षकाइतकं कुणाला ठाऊक! काही गोष्टी नियमाने बांधाव्या लागतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी नमुना नियम मंजूर करून सगळ्या उच्च न्यायालयांना ते स्वीकारायला सांगितलं. त्यातला एक नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोलिसांनी गोळा केलेले पण आरोपपत्रात न वापरलेले जबाब, कागद आणि वस्तू यांची यादी आरोपीला द्यायची. म्हणजे अडचणीच्या कागदांची यादी! ही यादी २००३ मध्ये सक्तीची असती तर त्या चार फोटोंचा जबाब पहिल्याच वर्षी उजेडात आला असता. नियम कागदावर आला, तो प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात पाळला जातो का हे बघायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे, तेही चांगलं. पण कॅमेरासुद्धा माणसाच्याच हातात असतो आणि तो कधी बंद करायचा हे माणूसच ठरवतो. पोलिसांना ठरावीक मुदत मिळावी, तपास करणारे आणि बंदोबस्त करणारे वेगळे असावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच प्रकाश सिंह खटल्यात सांगून ठेवलं आहे. माझा विद्यार्थी पाच बदल्या म्हणतो, त्यावरचं औषध तेच आहे.

आणि आपण? आपलाही यात वाटा आहे, तो आपण विसरतो. फौजदाराच्या टेबलावर तो कागद असतो तेव्हा खिडकीबाहेर आपण उभे असतो. आपण आज रात्रीच्या आत नाव मागतो. जो देतो त्याला हार घालतो, जो 'थांबा, अजून खात्री नाही' म्हणतो त्याला नेभळट म्हणतो, आणि आरोपीचा वकील म्हटला की त्याला देशद्रोही ठरवून मोकळे होतो. मग त्या टेबलावरच्या माणसाने कुणाच्या भरवशावर खरं लिहायचं?

म्हणून माझं वाचकांना तीन गोष्टींचं सांगणं आहे. पंच म्हणून सही करायची वेळ आली तर समोर जे झालं तेवढ्यावरच सही करा, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. व्हॉट्सअॅपवर कुणाच्या फोटोखाली 'याला फाशी द्या' आलं तर पुढे ढकलण्याआधी एक रात्र जाऊ द्या. आणि तुमच्या घरात, नात्यात कुणी पोलीस, वकील, कारकून, डॉक्टर असेल आणि त्याने आपल्याच बाजूला अडचणीचं ठरेल असं काही खरं लिहिलं, तर 'कशाला नसती उठाठेव' असं म्हणू नका. त्या दिवशी त्याला गरम चहा करून द्या, पाठीवर हात ठेवा. बाहेर त्याला कुणी शाबासकी देणार नाही. निदान घरी तरी मिळू द्या.

त्या नाशिकच्या बाईने ओळखलेले चार चेहरे शेवटी कुणाचे होते, हे न्यायालयात कधी ठरलंच नाही. तिने आपलं काम पहिल्या दोन दिवसांत केलं होतं. बाकीच्यांचं राहिलं.